निगेटिव्ह माह्यापाशी

मी एक जुना मोबाइल आहे, आणि माझ्या पडद्यावरचे सगळे रंग उलटे आहेत. मित्रांनो, तुम्ही मला हातात घेतलंत तर दचकाल. आभाळ विटकरी दिसेल, झाडाची पानं गुलाबी-जांभळी, आणि माणसांचे चेहरे निळसर. दुकानदार म्हणतील, याला विकून टाका. पण मी बिघडलेलो नाही. मी असा का राहिलो, ते सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या एका दुकानाची. काचेच्या कपाटात मी उभा होतो. एक मुलगी आली. तिने माझी किंमत विचारण्याआधी माझा कॅमेरा उघडला आणि समोरच्या फळगाडीवरच्या संत्र्यांचा फोटो काढून पाहिला. "रंग खरे येतात," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिचं नाव हर्षा. ती शाळेत चित्रकला शिकवते. मुलांनी काढलेली चित्रं, बडनेऱ्याच्या स्टेशनवरचे हमालांचे लाल सदरे, भातकुलीच्या वाटेवरचा पिवळा सोयाबीन, असं काय काय तिने माझ्यात साठवलं. ती मला ओढणीच्या टोकाने पुसायची. माझे ते दिवस चांगले होते. मग माझा एक कोपरा फुटला, मी हळू चालू लागलो आणि तिने नवा मोबाइल घेतला. दिवाळीत ती मला अकोल्याला, तिच्या आईकडे घेऊन गेली.

माणिकबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "याच्याच जातीनं आपलं दुकान खाल्लं," त्या म्हणाल्या.

"आई, आल्या आल्या नावं ठेवून राहिली का त्याले?"

"नावं नाई ठेवून राहिली. ओळख करून घेऊन राहिली."

त्यांचं म्हणणं खरं होतं. घराच्या पुढच्या खोलीत हर्षाच्या वडिलांचा, शालिकरामांचा, फोटो स्टुडिओ होता. सगळ्यांच्या हातात माझ्यासारखे मोबाइल आले आणि स्टुडिओत कुणी येईनासं झालं. शालिकराम गेले. आता त्या खोलीत धम्मदीप नावाच्या भाडेकरूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माणिकबाई यावर स्वतःच हसायच्या. "ज्यानं खाल्लं त्यालेच खोली देल्ली," म्हणायच्या.

स्टुडिओत शालिकराम फोटो काढत आणि माणिकबाई टचिंग करत. हे काम तुम्ही पाहिलेलं नसेल. पूर्वी फोटो आधी फिल्मवर उमटायचा. त्याला निगेटिव्ह म्हणत. तिच्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं असे. माणिकबाई दुधी काचेखाली दिवा लावून तिच्यावर निगेटिव्ह ठेवत आणि बारीक टोकाच्या पेन्सिलने नवरीच्या गालावरचा डाग, नवरदेवाच्या डोळ्याखालची रेघ भरून काढत. उलटा चेहरा त्यांना सरळ चेहऱ्याइतकाच ओळखू येई. निगेटिव्ह स्टुडिओत जपून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला कागदावरचा प्रिंट द्यायचा, ही त्यांच्या धंद्याची रीत होती. त्यामुळे घरात ठेवायच्या प्रत्येक फोटोला त्या निगेटिव्हच म्हणत. हर्षाने माझ्यावर शाळेच्या सहलीचा फोटो पाठवला की त्यांचा फोन जायचा, "निगेटिव्ह मिळाली व."

"आई, आता निगेटिव्ह नसते."

"बरं. फोटो मिळाला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा निगेटिव्हच.

एका रविवारी हर्षा आली, ती शाळेसाठी रंगचक्राचा तक्ता घेऊन. जमिनीवर पसरून रंगवत बसली. माणिकबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"हे समोरासमोरचे कोन्ते व?"

"विरोधी रंग. लालच्या समोर आकाशी, हिरव्याच्या समोर राणी, पिवळ्याच्या समोर निळा."

"विरोधी काहून? जोडीचे म्हण. कलर प्रिंट हिरवट आला का आमी थोडा राणी वाढवायले सांगो. चेहरा आकाशी मारे, त लाल वाढवा. याचं जास्त झालं का त्याचं कमी पडते. नवरा-बायकोवानी."

"तुझ्या अन् बाबासारखे?"

"तुया बापानं मले कधी भांडू देल्लं का? सारं भांडन तोच करून घे. माही पाळीच नाई ये."

दोघी खूप हसल्या. तक्त्यावर हर्षाने शेवटी 'विरोधी (जोडीचे) रंग' असं लिहिलं.

मित्रांनो, माणिकबाईंनी सांगितलेलं माझ्याही पोटात आहे. माझा पडदा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक दिव्यांची शेतं आहेत. प्रत्येक ठिपक्यात तीन दिवे, लाल, हिरवा आणि निळा. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरं दिसतं, तिन्ही विझले की काळं. आता समजा, कुणी मला हुकूम दिला की जो दिवा जितका पेटला असेल तितका विझव, आणि जितका विझला असेल तितका पेटव. मग लालाचा आकाशी होतो, हिरव्याचा राणी होतो आणि पिवळं संत्रं निळं होतं. प्रत्येक रंग आपल्या जोडीदाराच्या जागी जाऊन बसतो. ज्यांना उजळ पडद्यावरची अक्षरं डोळ्यांना टोचतात, त्यांच्यासाठी ही सोय माझ्यात ठेवलेली आहे. बाजूच्या, आवाज कमी-जास्त करायच्या दोन्ही कळा एकदम थोडा वेळ दाबून धरल्या की ती सुरू होते.

पुढच्या वर्षी नवरात्रात एका सकाळी माणिकबाई भाजीबाजारातून येत होत्या. मी पिशवीत होतो. वर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या होत्या आणि माझ्या अंगावर कोहळं. त्या कोहळ्याने माझ्या दोन्ही कळा दाबल्या.

घरी येऊन त्यांनी मला उघडलं आणि पाहतच राहिल्या. मग पलंगावर बसल्या, चष्मा पुसला आणि हर्षाचा फोटो उघडला. निळसर चेहरा, पांढरे केस, आकाशी टिकली. दुसरं कुणी घाबरलं असतं. माणिकबाईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं. फार वर्षांनी माहेरचं माणूस दारात उभं दिसावं, तसं.

"हे तं निगेटिव्ह होय," त्या म्हणाल्या.

त्यांनी अंगणातल्या शेवंतीचा फोटो काढला. माझ्या पडद्यावर फुलं निळी दिसली. त्यांनी तो हर्षाला पाठवला. थोड्या वेळात हर्षाचा आवाज आला, "आई, काय पिवळा आलाय गं!" माणिकबाईंनी मान हलवली. त्यांना सगळं समजलं होतं, म्हणजे त्यांना तसं वाटलं होतं. निगेटिव्ह आपल्याजवळ राहते, प्रिंट पोरीकडे जातो. जगाची रीत पुन्हा जागेवर आली होती. तक्रार कशाची करायची?

खरं तर माझ्यातला फोटो सरळच होता. उलटा होता तो फक्त माझा पडदा. पण हे त्यांना मी कसं सांगणार?

त्या दिवसापासून त्या जोड्या लावून रंग ओळखू लागल्या. वरुडच्या चुलत भावाने संत्र्याच्या पेट्यांचा फोटो पाठवला, तर निळ्या गोळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "औंदा रंग चांगला धरला." हर्षाने नव्या साडीचा फोटो पाठवला. पडद्यावर ती फिकट राणी होती. माणिकबाईंनी फोन केला.

"हिरवी घेतली ना? गडद आहे. तुले खुलते."

"दिसली का नीट?"

"निगेटिव्ह एकदम साफ आहे."

"आई, किती वेळा सांगू, आता निगेटिव्ह नसते."

"तुह्यापाशी नसन. माह्यापाशी आहे."

हर्षा हसली. तिला ती आईची जुनी खोड वाटली. एका शब्दाने तिला सगळं सांगून टाकलं होतं, आणि त्याच शब्दाने ते झाकूनही ठेवलं.

रविवारी हर्षा यायची तेव्हा मी कोनाड्यात असायचो. पोरगी समोर असताना तिचा फोटो कशाला पाहायचा, असं माणिकबाईंचं म्हणणं. त्यामुळे माझा पडदा तिच्या नजरेला पडला नाही. आणि रविवारी बोलायला दुसराच विषय असायचा. माणिकबाईंचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज यायची, चार पावलं चाललं की धाप लागायची. डॉक्टरांनी हर्षाला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते माणिकबाईंनी तिच्या चेहऱ्यावरून वाचलं. चेहरे वाचणं हा त्यांचा धंदा होता.

"अमरावतीले चाल आई."

"माहा बिस्तर इथंच. तू रविवारी येतं, तेवढं पुरे."

थंडीत माझं चार्जिंग होईना. माणिकबाई भिंत धरून धरून पुढच्या खोलीत गेल्या. धम्मदीपने मला उजेडात धरलं.

"काकू, हे काय करून ठेवलं वो? भुताचा मोबाइल!"

"भुताचा नाई रे, निगेटिव्ह होय ते."

"कायची निगेटिव्ह! रंग उलटे झाले त्याचे. थांबा, आता सरळ करून देतो."

त्याने कळा दाबल्या. माझ्या पडद्यावर हर्षा होती, हिरव्या साडीतली. सावळा चेहरा, लाल टिकली, काळेभोर केस. माणिकबाईंनी मला हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. आपण इतके दिवस काय समजत होतो, तेही त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्या एकदम लाजल्यासारख्या हसल्या.

"म्हंजे हे असंच होतं? माह्यापाशीबी प्रिंटच होता?"

"हाव काकू. आधीच दाखवाचं ना मले."

त्याने माझ्या चार्जिंगच्या भोकातली धूळ काढली, मला पुसलं. माणिकबाई उठल्या नाहीत.

"धम्मदीप, वापस तसंच कर."

"कसं?"

"आधी होतं तसं. उलटं."

"काहून? चांगलं सरळ झालं तं!"

त्यांनी मला जवळ ओढलं. मग पडद्यावर हर्षाच्या केसांवर बोट ठेवून म्हणाल्या, "उलट्यात हे पांढरे दिसतात. अन् हासली का दात काळे दिसतात, मिश्री लावणाऱ्या बुढीवानी. माही लेक म्हातारी झालेली दिसते रे त्याच्यात. मी काई तवापर्यंत राहत नाई. मले आताच पाहून घेऊ दे."

धम्मदीपने मान खाली घातली. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हातानेच थांब म्हटलं. मग माझ्या दोन्ही कळा दाबल्या. हर्षाचे केस पुन्हा पांढरे झाले.

"हर्षीले सांगजो नको," माणिकबाई म्हणाल्या. "रडत बसन."

मित्रांनो, त्यानंतर माझं काम बदललं. आधी त्या रंग ओळखायच्या. आता त्या फक्त पाहायच्या. रोज संध्याकाळी हर्षाचा व्हिडिओ कॉल यायचा. ती शाळेतल्या गमती सांगायची, मुख्याध्यापकांची नक्कल करायची. इकडे पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई हात हलवून हलवून बोलत असायची, आणि माणिकबाई गालाला हात लावून ऐकत असायच्या. इतकं कौतुक त्या स्टुडिओतल्या कोणत्याच नवरीला मिळालं नसेल.

संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी त्यांचा श्वास नेहमीपेक्षा जड होता. हर्षाच्या ते लक्षात आलं.

"आई, मी आताच निघतो. गाडी आहे."

"शाळा आहे ना उद्या? रविवारी ये."

"नक्की बरी आहेस?"

"हाव. तू केस मोकळे सोड बरं."

"काय?"

"वेणी सोड ना. पाह्यतो."

"आता? आई, काहीही असते तुझं!" पण तिने वेणी सोडली, मान झटकली आणि केस पुढे घेतले. माझा पडदा पांढराशुभ्र झाला. खांद्यावरून खाली, कडेपर्यंत. माणिकबाईंनी मला जरा दूर धरलं, मग जवळ आणलं. टचिंगच्या टेबलावर धरत असतील तसं.

"झालं. बांध आता," त्या म्हणाल्या. "थंडी आहे. डोक्याले बांधून झोप."

सकाळी धम्मदीपने दुकान उघडलं. मागच्या खोलीतून भांड्याचा आवाज नाही, म्हणून त्याने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग आत आला. माणिकबाई कुशीवर झोपल्या होत्या आणि मी त्यांच्या उशाशी होतो. त्याने त्यांच्या कपाळाला हात लावला. मग मला उचललं आणि माझ्यावरूनच हर्षाला फोन लावला. तिकडे तिच्या पडद्यावर 'आई' असं नाव उमटलं असणार, कारण तिने उचलल्या उचलल्या म्हटलं, "बोल आई."

"ताई, मी धम्मदीप," तो म्हणाला.

तेरवीसाठी फ्रेम करायची होती. आईचा एखादा चांगला फोटो माझ्यात सापडेल म्हणून हर्षाने मला कोनाड्यातून काढलं. पडदा उजळला. निळसर चेहरे, विटकरी आभाळ. तिला आधी वाटलं, मी पडून बिघडलो असेन. मग तिने फोटोंमागून फोटो उघडले. नवी साडी उघडली. शेवंती उघडली. हात थांबला. "तुह्यापाशी नसन, माह्यापाशी आहे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मला तसंच धरून पुढच्या खोलीत गेली.

"दादा, हा मोबाइल तुमी साफ केला होता ना?"

"हाव ताई."

"मंग हे दिसलं नाई तुमाले?"

"दिसलं."

"दिसलं अन् तसंच ठेवलं? आई चार महिने मला भुतासारखं पाहत राहिली. शेवटच्या दिवशी तिने मला पाह्यलं ते असं पाह्यलं! दोन बटनं दाबायची होती. दोन बटनं, दादा. मी रोज तिच्याशी बोलत होतो अन् तिले माहा चेहराच दिसत नव्हता!"

धम्मदीपने सगळं ऐकून घेतलं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं, हा गप्प बसणार. शब्द दिलेला होता, आणि शब्द घेणारं माणूस आता तो परत करायला नव्हतं. आणि हर्षा हे दुःख घेऊन अमरावतीला निघून जाणार, जन्मभरासाठी.

"सांगू नको म्हणल्या होत्या," तो म्हणाला. "पण ताई, तुमी असं धरून बसान हे काकूले मालूम नसन. मी केलं होतं सरळ. पाह्यलं त्याईनं. तुमचा हिरव्या साडीतला फोटो, जसाच्या तसा. अन् मंग मले वापस उलटा करायले लावला."

"काहून?"

त्याने सांगितलं. अडखळत, जमिनीकडे पाहत सांगितलं. केसांचं सांगितलं, मिश्रीचं सांगितलं. हर्षाचा हात आपोआप वेणीवर गेला आणि तिथेच राहिला.

"काही म्हणाली का?" तिने विचारलं. "कशी दिसतो म्हणे मी?"

"साजते म्हणे तिले म्हातारपण. या संक्रांतीले मी तिळगूळ घ्यायले गेलो, तवा म्हणल्या. लेक माही सुखानं म्हातारी होईन, चेहऱ्यावर दिसते म्हणे."

हर्षा रिकाम्या खुर्चीवर बसली. रडणं आलं ते आवाज न करता आलं. धम्मदीपने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

फ्रेममध्ये माझ्यातला नाही, स्टुडिओतला जुना फोटो लागला. मी अमरावतीला आलो. माझी बॅटरी आता फार टिकत नाही, आवाज फुटतो, कोपऱ्यातली चीर पुढे सरकली आहे. घरात येणारं कुणी ना कुणी मला उचलतं आणि म्हणतं, "अगं, याचे रंग उलटे झालेत, सरळ करून देऊ?" हर्षा नाही म्हणते आणि मला त्यांच्या हातातून काढून घेते.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा मोबाइल कुणा थकलेल्या हातात असेल. त्याची धूळ पुसा, तो वेळेवर चार्जिंगला लावा. पण त्याचे रंग सरळ करण्याआधी त्या माणसाशेजारी बसा. त्याच्या बाजूने पडद्यात पाहा आणि विचारा, तुला यात काय दिसतंय? विचारायला फार वेळ लागत नाही. माणिकबाईंना हे विचारणारा माणूस भाडेकरू निघाला.

हर्षा आता विचारते. शाळेतून आली की मला समोर धरते, कॅमेरा स्वतःकडे वळवते आणि पांढऱ्या केसांच्या त्या बाईकडे पाहत राहते. "आई, काय दिसत होतं गं तुला?" म्हणते. मी तिला तिचा चेहरा दाखवतो. माझ्याजवळ दुसरं काही नाही.